बेडूक कोणी चढवला

९ जानेवारी

विहीणबाईंना,

अक्षर बघून दचकू नका. ते माझं नाही. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर झेरॉक्सचं दुकान आहे, तिथली बाई लिहितेय आणि मी स्टुलावर बसून सांगतेय. मला अक्षर येत नाही हे तुमच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक असणार? चार वर्षांपूर्वी टिचकीच्या शाळाप्रवेशाच्या फॉर्मवर मी अंगठा पुढे केला, तेव्हा तुम्हीच हळू आवाजात म्हणालात, "पोरीसमोर नको, बाहेर जाऊन द्या." मी बाहेर जाऊन दिला. तेव्हापासून आपण एकमेकींशी बोललो नाही. तुमची लेक आणि माझा लेक मध्ये बसून दोन्हीकडचे निरोप पोचवतात आणि आपलेच चार शब्द गिळतात.

फोन का नाही केला, असं विचाराल. फोन तुमच्या लेकीच्या हातात असतो आणि ती शेजारीच उभी राहते. शिवाय फोनवर तुम्ही मला मध्येच दुरुस्त करायचात. तीस वर्षं गणिताच्या बाई होतात, सवय जात नाही, मी समजू शकते. कागद कसा मुकाट्यानं ऐकून घेतो.

तर टिचकीच्या नवव्या वाढदिवसाला तुम्ही पाठवलेली काचेची पाटी पोचली. घरातले टॅब म्हणतात, मी पाटी म्हणते. तुमच्या लेकीनं त्यात तो गणिताचा खेळ घालून दिला. हिरवा बेडूक, शंभर दगडांचा डोंगर. उत्तर बरोबर आलं की बेडूक एक दगड वर, चुकलं की डुबुक. दोन भाग आहेत म्हणे. एक शर्यत, ती तुम्ही तुमच्या घरून आणि टिचकी इथून, रोज संध्याकाळी पाच वाजता खेळता. आणि दुसरी चढण, ती पोरीनं एकटीनं करायची. दर रविवारी कुणी किती केलं याचा अहवाल तुमच्या फोनवर येतो. छान आहे. घरात बसून पोलीस ठाणं.

तुमचं कौतुकच आहे. मी कौतुक करायलाच लिहितेय. फक्त एवढंच सांगायचंय, की संध्याकाळचे पाच म्हणजे माझी वेळ होती. शाळेतून आली की टिचकी माझ्या कटिंगच्या टेबलाखाली मांडी घालून बसायची. वर माझी कात्री, खाली ती आणि बटणांचा डबा. मी वरून विचारायची, "एका स्कर्टला पावणेदोन हात, तर आठ स्कर्टांना?" ती खालून बटणं सरकवायची आणि ओरडायची, "चौदा!" चाळीस वर्षं मी शाळांचे गणवेश शिवले, विहीणबाई. अक्षरं नाही आली, पण आकडे टेपवरून आले आणि पाव, अर्धा, पाऊण कापडावरून.

आता टेबलाखाली कुणी नसतं. पोर काचेकडे बघून हसते, आणि काचेतून तुमचा चष्मा हसतो. आम्हा दोघींना तिनं नावं ठेवलीत, "इथली आजी" आणि "तिकडची आजी". इथली म्हणजे जिला रोज बघावं लागतं ती.

झेरॉक्सवाली म्हणते, आजी, जरा गोड शेवट करा. करते. तब्येतीला जपा. डोळ्यांना विशेष. त्या काचेकडे रोज एवढा वेळ बघणं तुमच्या वयाला बरं नाही.

— इथली


२८ जानेवारी

विहीणबाई,

तुमचं उत्तर आलं. झेरॉक्सवालीनं वाचून दाखवलं. "आपल्या पत्रातील भावना समजल्या" असं लिहिलंत. मी भावना कुठे लिहिल्या होत्या? बाईला विचारलं, तू काही जास्तीचं घातलंस का. ती नाही म्हणाली.

एक गंमत सांगते. गेल्या आठवड्यात टिचकी शाळेतून आली, पाटी उघडली आणि किंचाळलीच. बेडूक तिनं अकराव्या दगडावर ठेवला होता, तो एकवीसवर बसलेला. नाचत नाचत आईकडे गेली. "आई, तिकडच्या आजीनं माझा बेडूक वर चढवला! बक्षीस दिलं मला!" दुसऱ्या दिवशी बेडूक तिसाव्यावर. परत तुमच्या नावाचा जयजयकार. शाळेतल्या मैत्रिणींना सांगितलं. लिफ्टमधून उतरणाऱ्या शेजारणीला सांगितलं. माझा लेक दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्टा दुरुस्त करून थकून आला, त्याला चप्पल काढायच्या आत सांगितलं. जेवताना म्हणाली, "तिकडची आजी जादू करते."

मी म्हटलं, "आणि इथली?"

"इथली आजी शिवते."

तुम्ही चढवता का हो तो बेडूक? मी आपलं सहज विचारलं. तुम्ही चढवत नसाल तर तसं पोरीला सांगून टाका. उगीच कुणाच्या कष्टाचं कौतुक कुणाला जायला नको.

बाकी तुमच्या पाटीत एक खोट आहे. ती कामाच्या बोटाला दाद देत नाही. सुई धरून धरून ज्याची तर्जनी घासून गुळगुळीत झालेली असते, त्याचं बोट ती काच ओळखतच नाही. करंगळीनं दाबावं लागतं. असं ऐकलंय मी.

— तुमच्या जावयाची आई


१९ फेब्रुवारी

विहीणबाई,

"मी बेडकाला हातही लावलेला नाही. ही सर्व तिची स्वतःची हुशारी. आमच्या घराण्यात गणित आहेच," असं तुमचं पत्र.

झेरॉक्सवालीला म्हटलं, ते शेवटचं वाक्य पुन्हा वाच. तिनं वाचलं. परत वाच म्हटलं. ती म्हणाली, "आजी, कितीदा वाचलं तरी तेच आहे."

तुमच्या घराण्यात गणित आहे. असेल. आमच्या घराण्यात काय आहे मग? माझे वडील एक नजर टाकून कापडाच्या थानातून किती सदरे निघतील ते सांगायचे आणि कापून झाल्यावर बोटभर चिंधी उरायची नाही. मी विधवा झाले तेव्हा माझा लेक पाच वर्षांचा होता. दोनशे मुलींची मापं घेऊन घरी यायची आणि एकही कागदावर नसायचं, सगळी इथे, कपाळाच्या मागे. एका पोरीचा स्कर्ट आखूड झाला नाही कधी. त्याला गणित नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? पाठ केलेली गाणी?

रागावले नाही. सांगतेय.

आता टिचकीचं. बेडूक साठाव्या दगडाच्या पुढे गेलाय. तिनं परवा चढण उघडली, पहिलंच गणित बघितलं आणि मिटून टाकली. "फार कठीण झालंय, आजी. मला येतच नाही यातलं." मी म्हटलं, मग नको करू, शर्यत खेळ. तेव्हापासून ती फक्त तुमच्याशी शर्यत खेळते. चढण ती करत नाही. म्हणजे करते. करत असेल. रविवारचा अहवाल तुम्हाला येतो, मला थोडाच येतो?

खालच्या दगडांवर एक बाई गणित बोलून दाखवायची. किती गोड आवाज. वर गेल्यावर ती गप्प झाली. तिला वाटलं असेल, पोरं आता मोठी झाली, आपली आपण वाचतील. आता नुसत्या ओळीच्या ओळी येतात, मुंग्यांसारख्या, आणि खाली चार उत्तरं. आकड्यांची गणितं येतात तोवर बरं, पण त्या मुंग्या आल्या की काय करायचं माणसानं? पुढे ढकलून द्यायचं. हे मला टिचकीनं सांगितलं. टिचकीनंच.

तुम्हाला शर्यतीत मुद्दाम हरता येतं का हो? पोर म्हणते तुम्ही रोज एका गुणानं हरता. मी तिला कधी जिंकू दिलं नाही. चुकलं तर चुकलं म्हणायची. तरी ती टेबलाखाली यायची.

पुढचं पत्र लवकर पाठवा. तुमची वाट बघते असं नाही, झेरॉक्सवालीला तुमची भाषा आवडते.

— घराण्यात शिवण असलेली


१४ मार्च

विहीणबाई,

अकरा तारखेला सकाळी तुमचा फोन आला. तुमची लेक लॅबला निघाली होती, दारातच उभी राहून ऐकत राहिली. मग डबा खाली ठेवला, मग स्वतः खाली बसली. मला वाटलं, तुम्हालाच काही झालं. खोटं कशाला बोलू, मी देवाचं नाव घेतलं.

मग तिनं सांगितलं. तुम्ही दोन महिन्यांचे अहवाल समोर मांडून बघितले. आकड्यांची गणितं शंभरातली अठ्ठ्याण्णव बरोबर. आणि जी वाचून सोडवायची असतात, ती शंभरातली शंभर सोडलेली. एकही प्रयत्न नाही. तुम्ही म्हणालात, मी तीस वर्षं मुलं बघितली, हे आळसाचं लक्षण नाही, पोरीला वाचताच येत नाहीये आणि ती लपवतेय. टिचकी म्हणते, ती गणितं माझी नाहीतच, बेडूक तिकडच्या आजीनं चढवला, पण तुम्ही नाही म्हटल्यावर तेही लपवणंच ठरलं.

त्या दिवसापासून घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. माझा लेक शाळेत जाऊन आला. वर्गात पन्नास पोरं, बाई म्हणाल्या, वाचते तशी, पण पाठ करून म्हणत असेल तर सांगता येत नाही. काल तुमची लेक म्हणाली, तुमच्या घराजवळ अशा मुलांसाठी खास वर्ग आहे, तुम्ही स्वतः लक्ष घालाल, पोरीला वर्षभर तिकडे ठेवायचं. इथल्या शाळेतून नाव काढायचं. अर्ज आणून टेबलावर ठेवलाय. माझ्या कटिंगच्या टेबलावर, दुसरी जागा नसल्यासारखा. महिनाअखेरीला त्यावर सही करायची आहे.

वर्षभर.

मला वाटतं तुमचा खेळच बिघडलाय. यंत्र आहे, बिघडतं. माझ्या मशीनचा दोरा कितीदा तुटतो, म्हणून मी कापडाला वेडं ठरवत नाही. त्या खेळवाल्यांना कळवा. पाटी बदलून मागा. एवढ्याशा बेडकावरून कुणी पोर घरातून उचलतं का?

का तुम्हाला हवंच होतं हे? दोन महिने पाटी, मग वर्षभर पोर. पुढे काय, दत्तकविधान?

झेरॉक्सवालीनं पेन खाली ठेवलंय. म्हणते, हे वाक्य मी लिहिणार नाही. मी म्हटलं, तुझी मुलगी तुझ्याजवळ आहे ना, लिही.

— आजी. इथली का तिकडची ते आता तुम्हीच ठरवा


२२ मार्च

विहीणबाई,

आज दुकानात एक माणूस ओळखपत्राच्या प्रती काढायला उभा आहे. झेरॉक्सवाली म्हणाली, हे गिऱ्हाईक जाऊ दे, मग लिहू. मी म्हटलं, ऐकू दे त्यालाही, नाहीतर मला पुन्हा धीर व्हायचा नाही.

बेडूक मी चढवला.

सगळे दगड. अकरा ते ब्याऐंशी. दुपारी एक ते चार घरात कुणी नसतं. पोर शाळेत, लेक कामावर, तुमची लेक लॅबमध्ये. पहिल्या दिवशी मी पाटी नुसती पुसायला घेतली होती. तुमच्या चष्म्याचं चित्र यायचं त्या जागी फडकं जरा जोरात घासत होते, हेही आता लिहून टाक बाई, एवढं सांगितलंच आहे तर. बेडकाला धक्का लागला आणि गणित आलं. सात गुणिले आठ. मी म्हटलं, एवढंच? एवढ्यासाठी माझी नात माझ्याजवळून उठली? करंगळीनं छप्पन्न दाबले. बेडूक उडाला.

मला काय झालं ते सांगता येत नाही. चाळीस वर्षं हिशोब केले, कधी कुणी उडी मारली नव्हती.

मग रोज. जेवण उरकलं की पाटी. मला तुमच्या वर जायचं होतं. तिथे कोपऱ्यात घुबडाचं चित्र आहे आणि ते तुम्ही, तुमची वेगळी चढण करता, असं टिचकीनं सांगितलं होतं. घुबड पंचाहत्तरावर बसलेलं. ज्या दिवशी मी तुम्हाला ओलांडलं त्या दिवशी मी मशीनवर हात ठेवून एकटीच हसले. आणि चार वाजता पोर आली, म्हणाली, "तिकडची आजी किती चांगली आहे." मी चहा टाकला.

त्या मुंग्यांच्या ओळी आल्या की मी पुढे ढकलायची. शंभरातल्या शंभर तुम्ही मोजल्यात ना, त्या सगळ्या माझ्या. तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत, विहीणबाई. ज्याचा बेडूक आहे त्याला वाचता येत नाही. फक्त तो टिचकीचा बेडूक नव्हता.

अकरा तारखेलाच सांगायचं होतं. नाही सांगितलं. म्हटलं, तुम्हाला कळेल. तुम्हाला कळेल की मी हेव्यानं नऊ वर्षांच्या पोरीच्या खेळात लपून बसले होते, तुम्हाला हरवायला. तुमच्याच पुढे हे कबूल करायचं, त्यापेक्षा जीभ तुटलेली बरी, असं वाटलं. वाटलं, यंत्रावर ढकलून निभावेल.

मग काल. टिचकी आणि मी जिन्यानं वर येत होतो. ती दर मजल्यावर थांबायची. भिंतीवर जे दिसेल त्यावर बोट ठेवून वाचायची. "इथे कचरा टाकू नये." "लिफ्टचे काम चालू आहे." दारावरच्या पाट्या, मीटरवरची नावं, दुधाच्या पिशवीवरची बारीक अक्षरं. अडखळत, घाम आलेली. पूर्वी कशी भराभरा वाचायची. आणि दर वेळी माझ्याकडे वळून विचारायची, "बरोबर वाचलं ना, आजी? खरंच तसंच लिहिलंय ना? का मी मनानं म्हणतेय?"

मी हो म्हणायची. मला काय कळतंय, विहीणबाई? पाच मजले मी हो, हो म्हणत आले. आमच्या दाराशी आल्यावर ती म्हणाली, "तुला कुठे कळतंय," आणि दाराला टेकून रडायला लागली. "माझ्या डोक्यात काहीतरी मोडलंय, ना?"

चांगली वाचणारी पोर. मी तिला मोडली.

तिथेच पायरीवर बसवून सांगितलं. सगळं, आता तुम्हाला सांगितलं तसं. तिनं डोळे पुसले आणि विचारत गेली.

"म्हणजे बेडूक तिकडच्या आजीनं नाही चढवला?"

"नाही."

"तू चढवलास."

"हो."

"आणि सगळे म्हणत होते मला वाचता येत नाही, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"किती दिवस?"

"दहा."

तिनं बोटांच्या पेरांवर मोजलं. "अकरावा चालू आहे," म्हणाली, आणि किल्ली माझ्या हातातून घेऊन आत गेली.

रात्रीच्या जेवणाला माझ्या लेकाला आणि सुनेलाही सांगितलं. तुमच्या लेकीनं अर्ज उचलला आणि फाडला. लेक म्हणाला, "आई, तू?" एवढंच. शब्द दोनच होते, पण मला अजून टोचतायत.

तुम्हाला खात्री हवी असेल, म्हणून आज पाटी खाली घेऊन आलेय. आत्ता झेरॉक्सवालीला म्हटलं, यातली एक मुंग्यांची ओळ मला वाचून दाखव. तिनं वाचलं. एका शिंप्याकडे साडेसात मीटर कापड आहे, प्रत्येक सदऱ्याला सव्वा मीटर लागते, तर... मी म्हटलं, सहा. तिचं वाक्य पुरं व्हायचं होतं. ओळखपत्रवाला माणूस म्हणाला, वा.

हेच विचारत होते होय ते इतके दिवस? शिंप्याचं कापड? मी ढकलून देत होते ते?

मला जरा पाणी देते ही बाई, मग पत्ता घालते.

पोरीला दोष देऊ नका. शिक्षा करायची तर मला करा. तुम्ही बाई आहात, तुम्हाला येत असेल.


५ एप्रिल

विहीणबाई,

तुमचं पत्र चार पानी. मला वाटलं चार पानं ओरडाल. तिसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंय, की पाटी पाठवायचं तुमच्या मनात का आलं. टिचकी दर फोनवर "आजीनं असं सांगितलं, आजी तसं मोजते" एवढंच बोलायची आणि तुम्ही तीस वर्षांच्या गणिताच्या बाई असून तुम्हाला कुणी काही विचारत नव्हतं. तुम्हाला माझा हेवा वाटायचा.

खोटं असेल तरी छान लिहिलंत. झेरॉक्सवालीला तेवढं पान तीनदा वाचायला लावलं. मग म्हटलं, याची एक प्रत काढून दे. काढली. मूळ पत्र घडी मोडेल म्हणून ठेवून दिलंय.

शाळेच्या ऑफिसातल्या त्या अंगठ्याच्या दिवसाबद्दलही लिहिलंत. ते एकदाच वाचायला लावलं. पुरे आहे तेवढं.

फोनवरून मला अक्षरं शिकवायची तुमची सूचना मात्र नाकारते. तुमच्याकडून? अजून तेवढी वेळ आलेली नाही. आधी तुम्ही माझ्याकडून काज करायला शिका, मग बघू.

टिचकी माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. "भाजी वाढ." "दप्तर कुठाय." जिन्यातल्या पाट्या आता वाचत नाही, म्हणजे मनातल्या मनात भराभर वाचत असेल, मला कसं कळणार. तिनं बेडूक पुन्हा पहिल्या दगडावर आणून ठेवलाय. आपला आपण चढवतेय. बाविसावर आहे. दुपारी मी त्या खोलीत जात नाही.

काल सगळ्यांसमोर म्हणाली, "मला सुट्टीत तिकडच्या आजीकडे जायचंय." कुणी तिला पाठवत नव्हतं, विहीणबाई. वर्षभर जायचं रद्द झाल्यावर सगळे मोकळे झाले होते. तिनं स्वतः मागितलं. आणि मागताना माझ्याकडे बघत होती, लागतंय का ते बघायला.

लागलं. मी म्हटलं, जा की. तुझे दोन फ्रॉक सैल करून देते.

— तुमची बरोबरीची


२६ एप्रिल

विहीणबाई,

हे पत्र टिचकीच्या बॅगेत, फ्रॉकांच्या खाली ठेवतेय. आज तुमचे जावई तिला घेऊन निघतायत. तुमच्या दारात पोचली की आधी तिला बघाल, मग हे वाचाल. मी असते तर मीही तेच केलं असतं.

थोडं सांगून ठेवते. वेणी घट्ट घालू नका, डोकं दुखतं तिचं आणि सांगत नाही. झोपताना एक पाय पांघरुणाबाहेर ठेवते, तो आत ढकलायला जाऊ नका. गणित चुकलं की लगेच चुकलं म्हणू नका. नाकाचा शेंडा चोळायला लागली की समजा तिला स्वतःलाच कळलंय, थोडं थांबा, ती परत मागे जाते. हे मला कळायला चार वर्षं लागली. तुम्हाला असंच देतेय, एका कागदावर. देताना जीव तुटतोय, पण माहिती अर्धी दिली तर पोरीचे हाल.

आणि शर्यतीत मुद्दाम हरू नका. ती ओळखते. मला म्हणाली होती, तेव्हा मी मनातून खूष झाले आणि तुम्हाला कळवलं नाही.

सकाळी मी तिच्या फ्रॉकाचं शेवटचं बटण लावत होते. ती येऊन टेबलाशी उभी राहिली. खाली बसली नाही, आता मावतही नाही.

म्हणाली, "मी गेल्यावर तू एकटी दुपारी काय करणार?"

"माझी कामं थोडी आहेत का? एका शाळेचे ऐंशी गणवेश आलेत."

"बेडकाला हात लावू नकोस."

"पाटी तर तू घेऊन चाललीयेस."

"तरी."

मग जरा वेळानं, दोरा तोडायला माझ्या हातात कात्री देत म्हणाली, "ब्याऐंशीपर्यंत? खरंच एकटीनं?"

"हो."

"करंगळीनं?"

"हो."

तोंड फिरवून हसली. मला दिसलं. ते हसू तुमच्याकडे पोचेपर्यंत टिकलं, तर ते माझं आहे, हे लक्षात ठेवून बघा.

सुट्टी एकेचाळीस दिवसांची आहे. त्यातला आजचा प्रवासात गेला. तुम्ही तिला फिरवाल, नवी पुस्तकं द्याल, संध्याकाळी पाच वाजता तुमच्या टेबलाशी बसवाल. बसवा. मी इथे बसून जळत राहीन, त्याची मला आता सवय झालीय, त्याची काळजी करू नका.

एकच मागणं आहे. पहिल्या एक-दोन दिवसांत ती माझ्यासाठी रडली, तर तेवढं मात्र लगेच कळवा, पत्र नको, फोनच करा, मी उचलेन. आणि परत निघताना तुमच्यासाठी रडली, तर ते तुमच्याजवळच ठेवा. मला सांगू नका.

— टिचकीची आजी